पाण्याची गाडी आणि ऑक्टोबरची बैठक: लातूर, २०१६

११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींची एक मालगाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूर स्थानकात आली. तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. देशभरच्या वर्तमानपत्रांनी तिचे फोटो छापले. त्या फोटोंच्या मागचं प्रकरण इथे मांडतो आहे. एक शहर या टोकाला कसं आलं, कोणत्या टप्प्यावर कोणते मार्ग मोकळे होते, कोणता धरला गेला आणि त्यातून काय निघालं, हे पाहायचं आहे. यातली माणसं त्यांच्या पदावरून ओळखू येतील तेवढीच येतील, नावं घेतलेली नाहीत. प्रश्न एखाद्या अधिकाऱ्याच्या चुकीपुरता नव्हता. माणसं बदलली असती तरी फार वेगळं घडलं असतं असं मला वाटत नाही.

पार्श्वभूमी

मांजरा नदी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. बीड, धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतून ती पुढे कर्नाटकात जाते, तिथून तेलंगणात शिरते आणि गोदावरीला मिळते. तेलंगणातलं सिंगूर धरण याच नदीवरचं, आणि हैदराबादच्या पिण्याच्या पाण्याचा काही वाटा तिथून जातो. म्हणजे एकाच नदीवर तीन राज्यं आणि दोन मोठी तहानलेली शहरं. घटनेनुसार पाणी राज्यांच्या सूचीत आहे, आंतरराज्य नद्या केंद्राच्या अखत्यारीत येतात, आणि जमिनीखालचं पाणी १८८२ च्या कायद्यापासून व्यवहारात जमीनमालकाचं मानलं गेलं आहे. देशाच्या पाण्याचं नियोजन म्हणतो ते या तीन तुकड्यांतून जुळवावं लागतं. लातूरच्या प्रकरणात तिन्ही तुकडे सुटे पडलेले दिसतात.

लातूरचा मुख्य आधार म्हणजे केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण. पूर्ण साठा २२४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे दलघमी. त्यातला उपयुक्त साठा सुमारे १७७ दलघमी आणि मृतसाठा, म्हणजे सोडण्याच्या दारांखाली उरणारं पाणी, ४७ दलघमी. धरण सिंचनाचं, दोन्ही काठांना कालवे आणि तीन जिल्ह्यांत लाभक्षेत्र. पिण्यासाठी लातूरबरोबर अंबाजोगाई, केज, कळंब अशी गावंही याच साठ्यावर आहेत, शिवाय औद्योगिक वसाहत. धरणाच्या खाली नदीत एकामागून एक बंधारे आहेत. साई आणि नागझरी हे शहराच्या जुन्या पाणीपुरवठ्यातले, बाकीचे मुख्यतः शेतीसाठी.

जमिनीखाली काळा खडक, बेसाल्ट. वरचा मुरूम आणि भेगाळलेला थर पाणी धरतो, पण फार थोडं. त्याखाली कुठे फट लागली तर लागली. साध्या विहिरीला दरवर्षीचा पाऊस भरतो, पण सातशे-आठशे फुटांवर लागलेलं पाणी कित्येक वर्षांत साचलेलं असतं आणि ते एका हंगामात परत येत नाही. मराठवाड्यात बोअर ‘लागली’ की पेढे वाटतात. ती आटते तेव्हा शेजारी दुसरी घेतली जाते.

आता ऊस. मराठवाड्यातला शेतकरी ऊस लावतो याबद्दल शहरातून बरंच तोंडसुख घेतलं जातं. तो का लावतो हे मात्र कमी जण विचारतात. तुरीचा आणि सोयाबीनचा भाव पेरताना ठाऊक नसतो. उसाला दर कायद्याने बांधलेला आहे, तोड कारखाना करतो, वाहतूक कारखाना करतो, गारपिटीत सगळं पीक हातचं जात नाही आणि बँक कर्ज देते. कोरडवाहू पट्ट्यात इतकी हमी दुसऱ्या कुठल्याच पिकाला नाही. गेल्या चार दशकांत लातूर भागात साखर कारखाने उभे राहिले, त्यांनी गावागावांत पैसा आणला, रस्ते आणि शाळा आणल्या. हे सगळं खरं आहे. आणि हेही खरं आहे की केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाच्या हिशेबात राज्यातल्या पीकक्षेत्राचा चार टक्क्यांच्या आतबाहेरचा तुकडा व्यापणारं हे पीक सिंचनाच्या सुमारे सत्तर टक्के पाण्यावर बसलेलं आहे.

शहराची वाढ दुसऱ्या बाजूने झाली. २०११ च्या जनगणनेत लातूरची लोकसंख्या ३,८२,९४० होती, त्याच वर्षी महापालिका झाली, आणि २०१६ पर्यंत शहर पाच लाखांच्या घरात पोचलं होतं. ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवण्यांसाठी बाहेरगावहून आलेली हजारो मुलं वेगळी. त्या आधी, २००८ च्या सुमारास, पाणीव्यवस्था खासगी व्यवस्थापनाकडे देऊन मीटर बसवण्याचा घाट घातला गेला होता. लोकांनी कडाडून विरोध केला आणि तो बारगळला. विरोधाची कारणं मला पटतात. पण खासगीकरण थांबलं त्याबरोबर पाणी मोजणंही थांबलं. शहरात रोज किती पाणी येतं, किती गळतं, कोणाला किती मिळतं, हे सांगणारी खात्रीची नोंद उरली नाही.

अडचण

पाऊस हुलकावणी देतच होता. २०१२ मध्ये मराठवाडा दुष्काळात होता. २०१३ चा पाऊस बरा झाला. २०१४ च्या पावसाळ्यात सरासरीच्या ४२ टक्के तूट आली, २०१५ मध्ये ४० टक्के. लागोपाठ दोन वर्षं इतकी तूट कोणत्याही धरणाला जड जाते. मांजरा धरणाची पातळी जोत्याखाली गेली, म्हणजे उपयुक्त साठा संपला. मग मृतसाठाही उपसला गेला.

नळाला पाणी येण्याचं अंतर वाढत गेलं. आधी आठवडा, मग दहा दिवस, मग पंधरा. २०१६ च्या फेब्रुवारीच्या सुमारास धरणातून शहराला मिळणारं पाणी थांबलं आणि नळ कोरडे पडले. डोंगरगाव आणि भंडारवाडीचे बंधारे, निम्न तेरणा प्रकल्पाचं माकणी धरण, अशा दूरदूरच्या ठिकाणांहून टँकर धावू लागले. एका कुटुंबाला आठ-दहा दिवसांतून एकदा साधारण २०० लिटर पाणी मिळे. पाच माणसांच्या घरात हिशेब करा: डोई रोज चार-पाच लिटर. स्वयंपाक, पिणं, धुणं, आंघोळ, संडास सगळं त्यात. ज्याच्या खिशात पैसे होते त्याने खासगी टँकर घेतला. ज्याच्याकडे नव्हते त्याने घागरी आणि निळे पिंप घेऊन रांग धरली. त्या रांगेत बायका आणि मुलंच जास्त होती, कारण कामावर गेलेल्याला टँकरची वाट बघत बसणं परवडत नाही.

मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जिल्हा प्रशासनाने जमावबंदीचं कलम १४४ लावलं. पाचपेक्षा जास्त माणसांनी पाण्याच्या टाकीजवळ जमायचं नाही. हा आदेश वाचून देशभर लोक चकित झाले. मला तो त्या क्षणी टाळता येण्यासारखा वाटत नाही, कारण टँकर अडवणं आणि हाणामारी ही भीती खरी होती. पण पाण्याचा कारभार पोलिसांकडे गेला, याचा अर्थ त्याआधीचे सगळे टप्पे हातून निसटले होते.

समोर असलेले पर्याय

मार्च-एप्रिलमध्ये प्रशासनापुढे जे मार्ग होते त्यांतला एकही चांगला नव्हता.

पहिला, टँकर वाढवणं. पण जवळचे साठेही आटत होते. टँकरचं अंतर वाढत होतं आणि प्रत्येक टँकर दुसऱ्या कुठल्या तरी तहानलेल्या तालुक्यातलं पाणी उचलत होता.

दुसरा, उजनीहून जलवाहिनी. ही लातूरची जुनी मागणी. मात्र वाहिनी टाकायला वर्षं लागतात, उंचावर पाणी चढवायला कायमचं वीजबिल येतं, आणि त्या उन्हाळ्यात उजनीचाच उपयुक्त साठा संपलेला होता. कोरड्या धरणाहून कोरड्या शहराकडे वाहिनी टाकण्यात अर्थ नव्हता. ही गोष्ट त्यानंतरही नीट ऐकली गेली नाही.

तिसरा, खोल बोअर ताब्यात घेणं. शहरात आणि भोवताली खासगी बोअरमधून पाणी विकलं जात होतं. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी आणि उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा जास्त खोल विहिरींवर बंदी घातलेली, आणि तो कायदा २०१४ पासून लागू झालेला. कागदावर अधिकार होता. पण नियम, स्थानिक समित्या, पाणलोटवार आराखडे हे सगळं कच्चं असताना, ऐन टंचाईत एखाद्याची चालू बोअर बंद करायची म्हणजे त्या गल्लीतलं उरलंसुरलं पाणीही तोडायचं. अंमलबजावणीचा काळ पाणी असतानाचा असतो.

चौथा, शहर काही प्रमाणात रिकामं करणं: वसतिगृहं बंद करणं, लोकांना गावी जायला सांगणं. हे अधिकृतपणे कोणी ठरवलं नाही. पण अनेक कुटुंबं आणि मुलं आपणहून गेली.

पाचवा, रेल्वे. याला पूर्वीचे दाखले होते. १९८६ मध्ये गुजरातमधल्या राजकोटला रेल्वेने पाणी दिलं गेलं होतं. लातूरच्या बाबतीत एक योग जुळला होता. मिरज ते लातूर हा मार्ग एकेकाळचा बार्शी लाइटचा, अरुंद रुळांचा. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी अशी खेळण्यातल्यासारखी गाडी त्यावरून धावे. त्याचं रुंदीकरण त्याआधी काही वर्षंच पूर्ण झालं होतं. दहा वर्षांपूर्वी हीच टंचाई आली असती तर मिरजेची मालगाडी थेट लातूरला येऊच शकली नसती.

घेतलेली पावले

रेल्वेचा पर्याय ठरला आणि मग काम ज्या झपाट्याने झालं त्याचं मनापासून कौतुक करायला हवं. राजस्थानातल्या कोटा इथल्या रेल्वे कार्यशाळेत खाद्यतेल वाहणाऱ्या वाघिणी वाफेने धुऊन काढल्या गेल्या. एकेका वाघिणीत सुमारे ५०,००० लिटर. मिरजेत कृष्णेचं पाणी रेल्वेच्या हैदरखान विहिरीवरून घेण्याची सोय झाली आणि गाडी लवकर भरावी म्हणून नवी वाहिनी टाकली गेली. अंतर ३४२ किलोमीटर. लातूरला पाणी स्थानकाजवळच्या विहिरीत उतरवायचं, तिथून शुद्धीकरण केंद्रात न्यायचं, मग टँकरने वॉर्डावॉर्डांत वाटायचं. पहिल्या काही फेऱ्या दहा वाघिणींच्या झाल्या, २० एप्रिलपासून पन्नास वाघिणींची, २५ लाख लिटरची गाडी येऊ लागली. ऑगस्टपर्यंत शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या.

एक गोष्ट मनात राहते. मिरज ज्या सांगली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातले जत, आटपाडी आणि कवठेमहांकाळ हे पूर्वेकडचे तालुके स्वतः टँकरवर जगत आले आहेत. ही गाडी त्यांच्या दारावरून पुढे गेली. तरी मिरजेतून पाणी अडवलं गेलं नाही. आपल्याकडे एका तालुक्याचं पाणी दुसऱ्याला द्यायचं म्हटलं की मोर्चे निघतात. इथे तसं झालं नाही, कारण हे पिण्याचं पाणी होतं आणि त्याची मोजणी लीटर-लीटर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालली होती.

त्याच काळात शहरातल्या नागरिकांनी वेगळी वाट धरली. गुढीपाडव्याला, ८ एप्रिलला, ‘जलयुक्त लातूर’ ही लोकवर्गणीची मोहीम सुरू झाली. डॉक्टर, व्यापारी, शिक्षक, निवृत्त नोकरदार यांनी पैसे दिले, यंत्रं लावली, आणि साई ते नागझरी या पट्ट्यात सुमारे अठरा किलोमीटर मांजरा नदीचं पात्र गाळ काढून रुंद-खोल केलं. पात्रातला गाळ काढणं योग्यच, पण त्याखालची वाळू आणि भेगाळलेला थर उकरला तर नदीची पाणी मुरवण्याची ताकदच जाते, असा इशारा जाणकारांनी दिला होता. तो मला महत्त्वाचा वाटतो. तरीही ज्या शहराने वर्षानुवर्षं नदीकडे पाठ फिरवली होती ते स्वतःचे पैसे घेऊन नदीत उतरलं, ही गोष्ट छोटी नाही.

राज्यपातळीवरही हालचाल झाली. उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात कपात केली. मराठवाड्यात काही वर्षं नव्या साखर कारखान्यांना परवानगी नाही, असं सरकारकडून जाहीर झालं. या प्रत्येक गोष्टीवर आठवडाभर चर्चा झाली. मैदानांवरचं पाणी वाचल्याने लातूरच्या नळाला एक थेंबही येणार नव्हता, हे सगळ्यांना कळत होतं.

हिशेब

इथे थोडं थांबून आकडे जुळवावे लागतात. त्याशिवाय हे प्रकरण उलगडत नाही.

शंभर फेऱ्या, प्रत्येकी पंचवीस लाख लिटर: म्हणजे साधारण पंचवीस कोटी लिटर. ऐकायला केवढा मोठा आकडा. घनमीटरमध्ये तो होतो अडीच लाख, आणि धरणाच्या भाषेत पाव दलघमी. मांजरा धरणाच्या उपयुक्त साठ्याचा सातशेवा हिस्सा.

आता उसाकडे या. पाटपाण्यावर एका हेक्टर उसाला तोडणीपर्यंत साधारण २०,००० ते २५,००० घनमीटर पाणी जातं. अडीच लाख घनमीटरला त्याने भागा. दहा ते साडेबारा हेक्टर. चार महिने, शंभर गाड्या, कोट्याची कार्यशाळा, मिरजेची विहीर, रेल्वेचे आणि महापालिकेचे शेकडो कर्मचारी, देशभरचे कॅमेरे. एवढ्या सगळ्या खटाटोपातून जेवढं पाणी लातूरला आलं, तेवढं पंचवीस-तीस एकर ऊस एका हंगामात पितो. २०१५-१६ च्या हंगामातही मराठवाड्यातले कारखाने ऊस गाळत होते.

हा हिशेब शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यासाठी मांडलेला नाही. शहराची तहान खोऱ्याच्या एकूण पाण्यापुढे किती छोटी असते, हे त्यातून दिसतं. पाच लाख लोकांना डोई रोज १३५ लिटर, म्हणजे शहरांसाठी धरलेलं पूर्ण प्रमाण, दिलं तरी वर्षाला २५ दलघमी लागतात. दोन वर्षांचे पन्नास. उथळ जलाशयावरून वर्षाला दीड-दोन मीटर पाणी उन्हाने उडून जातं, वाटेत गळतं, बाकीच्या गावांनाही द्यायचं असतं. तेही धरून १७७ दलघमीच्या धरणातला जवळपास निम्मा साठा दोन वर्षांसाठी बाजूला ठेवला असता, तर २०१४ आणि २०१५ अशी दोन्ही वर्षं कोरडी जाऊनही रेल्वे आणावी लागली नसती. अट एकच: ही राखण धरणात पाणी असताना, त्याआधीच्या वर्षांत झालेली हवी होती.

निर्णयाचे क्षण

महाराष्ट्रात दरवर्षी १५ ऑक्टोबरचा धरणसाठा प्रमाण मानून पुढच्या पावसाळ्यापर्यंतचं पाणी वाटलं जातं. आधी पिण्याचं आरक्षण, मग सिंचनाची आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या. पालकमंत्री, जिल्हाधिकारी, पाटबंधारे अभियंते, लोकप्रतिनिधी या बैठकांना असतात. माझ्या मते लातूरचं प्रकरण घडलं ते या बैठकांमध्ये. एप्रिलमध्ये फक्त त्याचा परिणाम रुळांवरून आला.

पहिला क्षण २०१२ च्या दुष्काळानंतरचा. एकदा धरण तळाला गेल्यावर पुढच्या चांगल्या पावसात सगळ्यांना आवर्तनं हवी असतात, आणि ते स्वाभाविक आहे. उभं पीक वाळताना बघणाऱ्या माणसाला ‘दोन वर्षांनंतरच्या लातूरसाठी थांब’ असं कोण सांगणार? पण बैठकीचं वर्ष १५ ऑक्टोबरला सुरू होतं आणि पुढच्या जुलैला संपतं. पावसाने ते पंचांग मान्य केलेलं नाही. एका वर्षाचा विचार करणाऱ्या पद्धतीत दुसऱ्या कोरड्या वर्षासाठी पाणी राखायला जागाच नव्हती.

दुसरा क्षण २०१४ च्या ऑक्टोबरचा. तूट समोर दिसत होती. त्या वेळी शहरात पाण्याची मोजणी करून कपात सुरू झाली असती, गळती शोधली असती, धरणातून बंधाऱ्यांकडे आणि नदीकाठच्या मोटारींकडे जाणारं पाणी रोखलं असतं, तर मुदत वाढली असती. प्रत्यक्षात कपात झाली ती नळाच्या दिवसांची. पाण्याचं अंतर वाढलं की ज्याची टाकी मोठी तो जास्त साठवतो. ज्याच्याकडे दोन घागरी आहेत त्याचं वाटप आपोआप घटतं. दिवस कापणं सोपं असतं, लिटर कापायला मीटर लागतो.

तिसरा क्षण नळ बंद करण्याचा. टँकरवर गेल्याने गळती थांबली, पण वाटप माणसांच्या हाती आलं आणि शहरातलं खासगी पाणी व्यवहारात अधिकृत झालं.

चौथा क्षण रेल्वेचा. हा निर्णय बरोबर होता असं मी ठामपणे म्हणेन. पाच लिटर डोई का होईना, पाच लाख माणसांना उन्हाळा काढता आला. ज्यांनी तो राबवला त्यांनी थोडक्या साधनांत उत्तम काम केलं. या गाडीवर ‘दिखाऊ’ म्हणून टीका झाली, ती मला अन्यायाची वाटते.

पाचवा क्षण सगळ्यात मोठा, आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

निकाल

२०१६ चा पाऊस मराठवाड्यात सरासरीपेक्षा जास्त झाला. सप्टेंबरच्या अखेरीस मुसळधार कोसळला, पूर आले, अनेक वर्षांनी मांजरा धरण भरलं. सहा महिन्यांपूर्वी घागरींच्या रांगेत उभ्या असलेल्या लोकांनी धरणाचे दरवाजे उघडलेले पाहिले. नागरिकांनी खोल केलेल्या पात्रातही पाणी भरलं. आनंद होणं साहजिक होतं.

त्या ऑक्टोबरची बैठक ही पाचवी आणि खरी संधी होती. धरण भरलेलं, दुष्काळाची आठवण ताजी, देशाचं लक्ष लातूरवर. दोन वर्षांचं पिण्याचं पाणी कायमचं बाजूला काढण्याचा नियम त्या वर्षी झाला असता तर त्याला विरोध करणं जड गेलं असतं. तसा नियम झाला नाही. बंधारे भरले, मोटारी सुरू झाल्या, ऊस पुन्हा वाढला. २०१७ मध्ये उसाला ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात बारमाही पिकांसाठी अशी तरतूद आधीपासून होती. कागदावर चांगला निर्णय, पण बांधावर तो फारसा उतरला नाही.

२०१८ चा पाऊस पुन्हा कमी पडला. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये मांजरा धरण परत जोत्याखाली होतं, लातूरला दहा दिवसांनी पाणी येत होतं, पाण्याच्या गाडीची चर्चा पुन्हा सुरू झाली होती. त्या वर्षी लातूरकरांनी गणपतीचं विसर्जन पाण्यात केलं नाही. मूर्ती दान केल्या, घरातच ठेवल्या, कारण विसर्जनाला पाणीच नव्हतं. त्याच वर्षी जुलैमध्ये चेन्नईला जोलारपेट्टईहून पन्नास वाघिणींची पाण्याची गाडी सुरू झाली होती, लातूरइतकीच, पंचवीस लाख लिटरची.

वेगळं काय करता आलं असतं

मूळ बदल बैठकीच्या कागदात हवा. १५ ऑक्टोबरला समितीसमोर धरणाचा एक आकडा येतो. त्याच्या शेजारी खोऱ्यातल्या विहिरींच्या पातळ्या, बंधाऱ्यांतला साठा आणि उभ्या उसाचं क्षेत्र असं एकत्र आलं पाहिजे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात, कृषी विभागाकडे पेऱ्याचे आकडे, पाटबंधारे विभागाकडे साठे, महापालिकेकडे पुरवठा. चार कार्यालयांत चार वह्या आहेत. खोऱ्याचं एकच पाणी चार वह्यांत चार वेळा लिहिलं जातं, आणि वाटताना प्रत्येकाला ते स्वतःचंच वाटतं.

दुसरं, पिण्याच्या आरक्षणाची मुदत दोन पावसाळ्यांची करणं. याची किंमत शेतकरी मोजतो, म्हणून ती त्याला भरूनही दिली पाहिजे. ज्या वर्षी शहरासाठी आवर्तन रोखलं त्या वर्षी लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला हेक्टरी ठरलेला मोबदला शहराने आणि राज्याने द्यावा. हे महाग वाटेल. पण कोट्याहून वाघिणी मागवणं, गावोगाव शेकडो टँकर फिरवणं आणि लोकांचे बुडालेले रोजगार या सगळ्याची बेरीज कोणी मांडली नाही म्हणूनच ते महाग वाटतं. तूर, हरभरा आणि ज्वारीला उसासारखी खरेदीची हमी मिळाली, तर ऊस सोडा असं सांगायची वेळही कमी येईल. शेतकरी हिशेबाला पक्का असतो. हिशेब बदलला की पीक बदलतं.

शहरात मीटर हवा, आणि तो सार्वजनिक व्यवस्थेच्या हातात असताना हवा. गरिबाला लागणारं पाणी स्वस्त किंवा फुकट ठेवून त्यावरच्या वापराला चढता दर लावता येतो. २००८ च्या विरोधाने खासगीकरण अडवलं, ते ठीक झालं. पण त्याच आंदोलनाची ताकद महापालिकेला ‘आमचं पाणी मोजा’ म्हणून भाग पाडायला वापरली गेली असती, तर २०१४ मध्ये दिवसांऐवजी लिटर कापता आले असते.

शहराला पुरवलेल्या पाण्यातलं बहुतेक पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं. दुष्काळात धरणाकडे बोट दाखवणाऱ्या आपण सगळ्यांनी या नाल्याकडे कधी पाहिलं नाही. ते शुद्ध करून औद्योगिक वसाहतीला दिलं, तर वसाहतीचं धरणातलं आरक्षण पिण्यासाठी मोकळं होतं. हे काम उजनीच्या वाहिनीपेक्षा जवळचं आहे, आणि पाऊस पडो न पडो, हा झरा रोज वाहतो.

आणि भूजल. साठ मीटरची मर्यादा ज्या वर्षी पाळणं सोपं असतं त्या वर्षी, म्हणजे धरण भरल्यावर लगेच, गावच्या पाणी समितीने बोअरची नोंद घ्यायला सुरुवात करायला हवी. २०१६ च्या दिवाळीत ती सुरुवात झाली असती, तर २०१९ पर्यंत निदान किती बोअर आहेत आणि त्या कुठे आहेत, एवढं तरी लिहिलेलं असतं.